चार आउटफिल्डर, तीन जागा

क्विन्सी, मॅसॅच्युसेट्स
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप काकांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जडेजा चेन्नई सोडून राजस्थानकडे गेल्याची बातमी आणि तुमचा रागावलेला निरोप ही दोन्ही मला एकाच दिवशी मिळाली. ‘इतक्या वर्षांचा माणूस असा देऊन टाकतात का?’ आणि ‘तुमच्या त्या बेसबॉलमध्येही असेच चालते का?’ असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर चेन्नईच्या मालकांनी द्यावे. दुसऱ्याचे मी देते, आणि ते जरा लांबेल, कारण विश्वमालिका, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, संपल्यापासून आमच्या बॉस्टन रेड सॉक्स संघाने या हिवाळ्यात कोणाला द्यावे आणि कोणाला घ्यावे, याच विचारात माझ्या संध्याकाळी जात आहेत.

थोडक्यात सांगायचे तर इथे याहून कठोरपणे चालते. संजू सॅमसनच्या बदल्यात जडेजा आणि सॅम करन गेले, तेव्हा निदान त्या खेळाडूंची संमती घ्यावी लागली. इथल्या खेळाडूला तो हक्क आपोआप मिळत नाही. करारात तसे कलम लिहून घेतले असेल, किंवा मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च स्तरावर, दहा वर्षे खेळून त्यांपैकी शेवटची सलग पाच त्याच संघात काढली असतील, तरच त्याला नकार देता येतो. एरवी त्याला फोन येतो आणि तो सामान बांधतो. लिलाव मात्र नसतो. सहा वर्षांची सेवा पूर्ण झालेला आणि करार संपलेला खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो, आणि मग त्याचा दलाल सगळ्या संघांशी स्वतंत्रपणे घासाघीस करतो. आयपीएलच्या संघाला ठरलेल्या रकमेच्या आतच खरेदी करावी लागते, तशी कडक मर्यादाही इथे नाही. ठरावीक रकमेवर, म्हणजे पुढच्या हंगामासाठी २४.४ कोटी डॉलरवर, पगारखर्च गेला की संघाला कर भरावा लागतो, आणि तो कर दरवर्षी मर्यादा ओलांडणाऱ्याला वाढत्या दराने बसतो. गेल्या डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर देऊ केले. रुपयांत हा आकडा सहा हजार कोटींच्या वर जातो.

आता रेड सॉक्सविषयी. या संघाचा सगळा इतिहासच एका अर्थी देण्याघेण्याचा इतिहास आहे. १९१९च्या डिसेंबरात मालक हॅरी फ्रेझी याने बेब रूथला एक लाख डॉलरला न्यूयॉर्क यँकीज या संघाला विकले, शिवाय यँकीजच्या मालकाकडून तीन लाखांचे कर्ज घेतले आणि त्यासाठी फेनवे पार्क हे मैदानच गहाण टाकले. १९१८मध्ये विजेता ठरलेल्या संघाला पुढचे विजेतेपद मिळायला २००४ साल उजाडावे लागले. ‘शाप’ वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही. हाताशी असलेला सर्वांत मोठा खेळाडू पैशांसाठी विकणाऱ्या संघाला हरायला शापाची गरज पडत नाही.

परंतु २००४ची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ते विजेतेपदही एका लाडक्या खेळाडूला देऊनच आले. नोमार गार्सियापारा हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धाव घेताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधली जागा सांभाळणारा, दोनदा लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा फलंदाज ठरलेला आणि बॉस्टनच्या लेकराबाळांचा दैवत असलेला खेळाडू होता. ३१ जुलै २००४ रोजी त्याला शिकागोला पाठवून संघाने ऑर्लांडो काब्रेरा आणि डग मिंटकेविच हे दोन भक्कम क्षेत्ररक्षक आणले, आणि त्याच दिवशी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक चपळ धावपटू घेतला. ऑक्टोबरमध्ये यँकीजविरुद्ध तीन सामने गमावून चौथाही हातून निसटत असताना या रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून गाठला, आणि तिथून सगळी मालिका फिरली. विश्वमालिकेतला शेवटचा बळी मिंटकेविचच्या हातमोज्यात विसावला.

याच्या उलट उदाहरण मुकी बेट्सचे. २०१८मध्ये संघाने १०८ सामने जिंकले आणि विश्वमालिकाही जिंकली, त्या वर्षीचा लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू बेट्स होता. त्याला हवा तेवढा मोठा करार देण्याची मालकांची तयारी नव्हती, म्हणून फेब्रुवारी २०२०मध्ये त्याला डॉजर्सकडे पाठवले आणि सोबत डेव्हिड प्राइस या महागड्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पगाराचे ओझेही उतरवून घेतले. बदल्यात अॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग आले. त्यांतला एकटा वाँग आज संघात आहे. बेट्सने डॉजर्सशी ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि तिथे तीन विश्वमालिका जिंकल्या. तिसरी तर याच महिन्यात. टोरंटोतला सातवा सामना नेहमीच्या नऊ डावांत न संपता अकराव्या डावापर्यंत गेला आणि शॉर्टस्टॉपला उभ्या असलेल्या बेट्सनेच चेंडू उचलून, दुसऱ्या बेसवर पाय ठेवून, पहिल्या बेसकडे फेकून एका दमात दोन बळी मिळवले आणि मालिका संपवली. त्या डॉजर्सचा मॅनेजर कोण आहे, ठाऊक आहे? तोच डेव्ह रॉबर्ट्स. बॉस्टनकराने हे पाहताना काय करावे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

म्हणून देण्याघेण्याकडे पाहण्याची माझी एकच कसोटी आहे. चांगला खेळाडू गेला याचे दुःख होणारच. पण तो खेळासाठी गेला की हिशेबाच्या वहीसाठी, हे पाहावे. गार्सियापारा खेळासाठी गेला, बेट्स वहीसाठी. जडेजाच्या बाबतीत हा निवाडा तुम्हीच करा.

गेल्या वर्षभरात आमच्या संघाने दोन्ही प्रकार केले आहेत. डिसेंबर २०२४मध्ये काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी, चेस मेडरॉथ आणि विकेलमन गाँझालेझ अशी चार होतकरू मुले शिकागो व्हाइट सॉक्सला देऊन गॅरेट क्रोशे हा डावखुरा पिचर आणला आणि पुढे त्याला १७ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार दिला. टील आणि मेडरॉथ शिकागोत चांगले खेळले, म्हणजे किंमत पुरेपूर मोजली गेली, आणि तरीही हा व्यवहार उत्तमच होता: क्रोशेने २५५ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे फटका मारू न देता बाद केले, आणि सर्वोत्कृष्ट पिचरच्या पुरस्कारात तो दुसरा आला. याच्या उलट १५ जून २०२५ रोजी, यँकीजना लागोपाठ तिन्ही सामन्यांत हरवल्यावर काही तासांतच, राफाएल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोकडे धाडले. अॅलेक्स ब्रेगमन आल्यावर डेव्हर्सची तिसऱ्या बेसची जागा काढून घेतली, मग ट्रिस्टन कसासचा गुडघा जायबंदी झाला तेव्हा पहिला बेस खेळायला सांगितले, आणि त्याने उघडपणे नकार दिला. तो हट्टी वागला हे खरेच. परंतु जे मिळाले त्याकडे पाहा: जॉर्डन हिक्स बॉस्टनमध्ये मार खात राहिला, काइल हॅरिसनचा बराचसा काळ वुस्टरच्या कनिष्ठ संघात गेला, आणि जेम्स टिब्ज या तरुण फलंदाजाला तर दीड महिन्यातच डॉजर्सकडे देऊन डस्टिन मे आणला, मेचे कोपर दुखावले आणि आता तोही फ्री एजंट आहे. पंचवीस कोटी डॉलरांहून मोठी जबाबदारी मात्र वहीतून पुसली गेली.

एवढे होऊनही संघाने ८९ सामने जिंकले आणि प्लेऑफ गाठली. तिथे यँकीजविरुद्धच्या तीन सामन्यांत आमचे सगळे गुणदोष उघडे पडले. पहिल्यात क्रोशेने ११७ चेंडू टाकले, ११ जणांना स्ट्राइकआउट केले आणि आम्ही जिंकलो. दुसरा एका धावेने गेला. तिसऱ्यात लुकास जिओलिटो जखमी असल्यामुळे कॉनेली अर्ली या नवख्या मुलावर भार टाकावा लागला, आणि समोर होता कॅम श्लिटलर, ज्याने आठ डावांत १२ स्ट्राइकआउट केले आणि एकही धाव दिली नाही. हा श्लिटलर इथल्याच वॉलपोल गावचा! घरच्या मातीतला मुलगा यँकीजच्या गणवेशात येऊन आपल्याला घरी पाठवतो, ही बोच मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

तेव्हा गरज स्पष्ट आहे. क्रोशेच्या मागे उभा राहील असा दुसरा पिचर हवा, आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर भरवशाचे फलंदाज हवेत. देण्यासारखे काय आहे, तेही स्पष्ट आहे. मैदानाच्या खोल भागात उभे राहणाऱ्या आउटफिल्डरांच्या जागा तीन असतात आणि आमच्याकडे त्या जागांचे हक्कदार चार आहेत. रोमन अँथनीला याच ऑगस्टमध्ये १३ कोटी डॉलरचा आठ वर्षांचा करार दिला आहे. सेडान राफाएला आणि विल्यर अब्रेयू या दोघांनाही यंदा क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळाला. चौथा जॅरेन ड्युरान. (पाचवा जोस्टिन्सन गार्सिया दाराशी उभा आहेच, त्याच्या नावाचे स्पेलिंग असे आहे की सगळे त्याला ‘पासवर्ड’ म्हणतात.)

माझे मत असे की ड्युरानला द्यावे. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण २०२४च्या ऑल-स्टार सामन्याचा मानकरी असलेला हा खेळाडू बेसवरून धावू लागला की फेनवेतले सगळे प्रेक्षक उठून उभे राहतात. परंतु तो २९ वर्षांचा आहे, २०२८पर्यंत संघाच्या ताब्यात असल्यामुळे त्याची किंमत आज भरपूर आहे, आणि अँथनी, अब्रेयू व तो असे तिघेही डावखुरे फलंदाज आहेत. मात्र मोबदल्यात होतकरू मुलांची यादी नको. एक सिद्ध झालेला पिचर हवा. मिनेसोटाचा जो रायन मला सर्वांत योग्य वाटतो. जुलैमध्येही त्याच्यासाठी बोलणी झाली होती, पण ती फिसकटली. मिनेसोटाने तेव्हा निम्मा संघच मोडीत काढल्यासारखा विकला, त्यामुळे आणखी एक सौदा करायला ते लाजणार नाहीत. रायन २०२७पर्यंतच त्यांच्या ताब्यात आहे, म्हणून ड्युरानसोबत मागितल्यास फार तर एखादा तरुण कनिष्ठ संघातून जोडावा. अर्ली किंवा पेटन टोली या आमच्या तरुण पिचरांना मात्र हात लावू देऊ नये.

आता पैशांचा भाग, जिथे मला मालकांचा भरवसा वाटत नाही. ब्रेगमनने तीन वर्षांच्या करारातील उरलेली दोन वर्षे, म्हणजे आठ कोटी डॉलर, सोडून पुन्हा बाजारात उभे राहणे पसंत केले आहे. तो ३१ वर्षांचा आहे, मांडीच्या दुखापतीमुळे यंदा ११४ सामनेच खेळला, आणि त्याला पाच-सहा वर्षांचा करार हवा असणार. शेवटची दोन वर्षे महाग पडतील, हे मलाही दिसते. तरीही त्याला ठेवावे, असे मी म्हणते. त्याच्यासाठी तुम्ही डेव्हर्सची जागा काढून घेतलीत, त्यातून भांडण ओढवून घेतलेत, डेव्हर्स गमावलात. आता ब्रेगमनही जाऊ दिला तर एका तिसऱ्या बेसपायी दोन फलंदाज घालवल्यासारखे होईल. शिवाय तो उजव्या हाताने खेळतो, आणि फेनवेच्या डाव्या बाजूची ३७ फूट उंच हिरवी भिंत अशाच फलंदाजांसाठी बांधल्यासारखी आहे.

पहिल्या बेससाठी पीट अलोन्सो बाजारात आहे. यंदा ३८ होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके), तोही उजव्या हाताचा, आणि त्याला घेतल्यास ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक फेरीतली, निवडही गमवावी लागत नाही. काइल श्वार्बरचे नाव इथे पुष्कळ लोक घेतात, कारण २०२१मध्ये तो आमच्याकडे थोडे महिने होता आणि सर्वांचा आवडता झाला; यंदा त्याने ५६ होम रन मारले. परंतु तो डावखुरा आहे, मैदानात फारसा उतरत नाही, आणि निव्वळ फलंदाजीच्या जागेवर मासाताका योशिदाचा करार अजून दोन वर्षे बसलेला आहे. काइल टकर हा यंदाचा सर्वांत मोठा फ्री एजंट, पण आउटफिल्डर. त्याच्याविषयी मी विचारच करत नाही.

ब्रेगमन आणि अलोन्सो हे दोघेही स्कॉट बोरास या एकाच दलालाचे. त्यामुळे दोन्ही बोलणी जानेवारीपर्यंत रेंगाळली तरी मला नवल वाटणार नाही. खेळाडू आणि मालक यांच्यातला सर्वसाधारण करार पुढच्या वर्षी १ डिसेंबरला संपतो आणि त्यानंतर पगारांवर कडक मर्यादा आणण्याची भाषा काही मालक करत आहेत, म्हणून वयाने तिशी ओलांडलेले खेळाडू आत्ताच लांबचे करार मागणार आणि मालक त्याच कारणाने हात आखडणार. आमचे मालक जॉन हेन्री हे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचेही मालक, तेव्हा पैसा नाही असे त्यांनी म्हणू नये. संघप्रमुख क्रेग ब्रेस्लो स्वतः पिचर होता आणि येलचा पदवीधर आहे. त्याला खेळ कळतो याविषयी मला शंका नाही. वहीची किल्ली त्याच्याकडे किती आहे, एवढेच पाहायचे.

सर्व संघांचे अधिकारी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडातील ऑर्लांडोला जमतील आणि पुष्कळसे सौदे तिथेच ठरतील. ब्रेगमन गेला आणि त्याच्या जागी कोणी स्वस्तातला आला, तर मी जे शब्द वापरीन ते पत्रात लिहिण्यासारखे नसतील. तुमच्याकडचा लिलावही त्याच सुमारास आहे. जडेजाच्या जागी चेन्नईने कोणाला घ्यावे असे तुम्हाला वाटते, ते मात्र सविस्तर लिहून पाठवा. नुसता राग नको, नावे हवीत.

काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांगावा. लहानांना आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

आपली,
पुतणी