झाडे मोजली, पतंगाचे काय?

प्रति,
मा. सचिव, नैसर्गिक संसाधने विभाग, कॅलिफोर्निया राज्य

महोदय,

मोहावी वाळवंटाच्या कडेला, अँटिलोप व्हॅलीत राहणारा एक मराठी माणूस आपल्याला हे पत्र लिहीत आहे. २०२३ साली राज्याने पश्चिमी जोशुआ वृक्षासाठी, म्हणजे इथल्या वाळवंटात वाढणाऱ्या युक्का जातीच्या झाडासाठी, स्वतंत्र कायदा केला, त्याबद्दल मनापासून आभार. त्या कायद्यानुसार झाड तोडण्या-हलवण्याचे शुल्क त्याच्या उंचीवरून ठरते आणि बांधकामाच्या आड येणारे झाड दुसरीकडे हलवायलाही सांगता येते. अशा वेळी बुंध्याभोवतीच्या मातीत कोण राहते, याचीही चौकशी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

तिथे युक्का पतंगाचे कोष असतात. टेगेटिक्युला सिंथेटिका हे भारदस्त नाव मिरवणारा हा करडा कीटक नखाएवढा असतो, आणि या झाडाचे परागीभवन करणारा त्याच्याखेरीज दुसरा कोणी नाही. मादी तोंडाजवळच्या सोंडेसारख्या अवयवांनी पराग गोळा करून त्याची गोळी हनुवटीखाली धरते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि मग तो पराग त्या फुलाच्या कुक्षीत अक्षरशः ठासून भरते. फूल चाचपून पाहणाऱ्या इतर कीटकांना पराग योगायोगाने चिकटतो. ही मात्र ते काम ठरवून केल्यासारखे करते. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाच्या वाट्याला येतात. आपल्याकडे उंबर फोडला की आत चिलटांसारखे किडे दिसतात, त्यांचा आणि उंबराचा व्यवहारही याच जातीचा आहे.

पोट भरलेली अळी फळातून खाली उतरते, मातीत शिरून कोष विणते आणि बाहेर पडायला कधी एक, तर कधी अनेक वर्षे घेते. म्हणून यंत्राने झाड उचलून नेले, तरी पतंगांच्या पुढच्या कित्येक पिढ्या त्या खड्ड्यातच राहतात आणि त्यावर काँक्रीट पडते. नव्या जागी झाड जगेल, कदाचित मुळांतून नवे धुमारेही फोडेल आणि नोंदवहीत हिरवे दिसेल. पण आसपास पतंग नसेल, तर त्याला बी धरणार नाही.

तेव्हा, झाड हलवण्याची परवानगी देताना फुलोऱ्याचा काळ टाळावा, झाडाखालची माती शक्यतो जागेवरच राखावी, आणि वार्षिक पाहणीत झाडांबरोबर फळे धरलेल्या झाडांचीही वेगळी नोंद ठेवावी, ही विनंती.

आपला नम्र,
अँटिलोप व्हॅलीतील एक रहिवासी