कॅनडासाठी पदवीचे मूल्यांकन : घोळ होतो तो इथल्या कागदांत

संपादक महोदय,

कॅनडात स्थायिक व्हा, अशा जाहिराती आता तालुक्याच्या ठिकाणीही दिसतात आणि आयईएल्टीएस या इंग्रजी परीक्षेचे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. मात्र एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे गुण मोजून कायम वास्तव्यासाठी निवड करण्याची कॅनडाची पद्धत, तिच्या वाटेवर महाराष्ट्रातले अर्जदार जिथे हमखास अडकतात, त्या पदवी-मूल्यांकनाबद्दल नेमके काही मराठीत वाचायला मिळत नाही. एजंट मंडळी ‘ते आम्ही बघतो’ म्हणतात. पण विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांगेत अर्जदाराच्याच घरचे कोणीतरी उभे असते. म्हणून हे पत्र.

फेडरल स्किल्ड वर्कर या कुशल कामगारांसाठीच्या योजनेत अर्ज करणाऱ्याचे शिक्षण कॅनडाबाहेर झाले असेल, तर ते कॅनडातल्या कोणत्या पातळीच्या बरोबरीचे आहे याचा अहवाल 2013 पासून सक्तीचा आहे. यालाच ईसीए (एज्युकेशनल क्रेडेन्शियल असेसमेंट) म्हणतात. 2015 साली एक्स्प्रेस एंट्री आली तरी ही अट कायम राहिली. हा अहवाल कॅनडा सरकारने नेमलेल्या संस्थाच देऊ शकतात. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असते ती वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे ‘वेस’. पण टोरांटो विद्यापीठाची कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन सर्व्हिस किंवा आयकास (इंटरनॅशनल क्रेडेन्शियल असेसमेंट सर्व्हिस) यांचा अहवालही तितकाच ग्राह्य असतो. डॉक्टर, फार्मासिस्ट आणि वास्तुविशारद म्हणून अर्ज करणाऱ्यांचे तसे नसते. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडे जावे लागते, फार्मासिस्ट आणि वास्तुविशारदांना आपापल्या व्यवसायाच्या नेमलेल्या संस्थेकडे. एमबीबीएस झालेल्याने वेसकडे पैसे भरले, तर तो अहवाल डॉक्टर म्हणून केलेल्या अर्जाला उपयोगी पडत नाही. दुसरी फसगत अहवालाच्या प्रकारात होते. याच संस्था विद्यापीठ प्रवेशासाठी आणि नोकरीसाठीही मूल्यांकन करतात. खाते उघडताना ‘इमिग्रेशनसाठी ईसीए’ हाच पर्याय निवडायचा असतो. पूर्वी अमेरिकेतल्या प्रवेशासाठी करून घेतलेला अहवाल इथे चालत नाही.

गुणांचे गणित आधी समजून घेतले, तर पुढची धावपळ कशासाठी आहे ते कळते. फर्स्ट क्लास की पास क्लास, डिस्टिंक्शन की एटीकेटी, याने इथे एका गुणाचाही फरक पडत नाही. मोजली जाते ती पातळी. अर्जदार एकटा असेल तर तीन किंवा अधिक वर्षांच्या पदवीला सीआरएसमध्ये, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत, 120 गुण मिळतात, मग ती बीकॉम असो की बीई. म्हणजे अहवालात बीकॉमपुढे ‘तीन वर्षांची बॅचलर पदवी’ असे वाचून हिरमुसण्याचे कारण नाही. दोन किंवा अधिक शिक्षणक्रम पूर्ण असतील आणि त्यातला एक किमान तीन वर्षांचा असेल तर 128, मास्टर्सला 135 आणि पीएचडीला 150. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. खरी गोम शिक्षण आणि इंग्रजी यांच्या जोडगुणांत आहे. इंग्रजीत सीएलबी (भाषेची कॅनडातली मोजपट्टी) 9 गाठले, म्हणजे आयईएल्टीएस जनरलला ऐकण्यात 8 आणि वाचन, लेखन, संभाषण यांत प्रत्येकी 7 मिळाले, तर एकट्या पदवीला वरचे 25 गुण मिळतात, पण दोन शिक्षणक्रमांना किंवा मास्टर्सला 50. म्हणजे बीकॉमनंतर केलेल्या एका वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेला अहवालात मान्यता मिळाली तर एकूण 33 गुणांची भर पडते. मार्च 2025 पासून नोकरीच्या ऑफरचे 50 किंवा 200 गुण काढून टाकल्यानंतर हे 33 गुण आणखीच मोलाचे झाले आहेत.

इथेच पुष्कळांचे नुकसान होते. ‘फक्त सर्वोच्च पदवीचेच मूल्यांकन लागते’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळते आणि मास्टर्सवाल्यांसाठी ते बरोबरही आहे. दोन शिक्षणक्रमांचे गुण हवे असतील तर मात्र दोन्हींचे मूल्यांकन व्हावे लागते. पदविकेचे कागद पाठवायचा कंटाळा केला की ते 33 गुण कपाटातच राहतात. जोडीदाराचेही तसेच. जोडीदाराच्या शिक्षणाला जास्तीत जास्त 10 गुण असतात, पण ईसीए नसेल तर शून्य. शिवाय दोघांपैकी मुख्य अर्जदार कोणी व्हायचे, याचा हिशेब दोघांचे अहवाल हाती आल्याशिवाय मांडता येत नाही.

आता प्रत्यक्ष कागद. संस्थेच्या संकेतस्थळावर खाते उघडले आणि शुल्क भरले, जे दोनशे कॅनेडियन डॉलरहून अधिक असते, की एक संदर्भ क्रमांक मिळतो. शैक्षणिक नोंदी मागवण्याचा एक फॉर्मही मिळतो. त्यातला आपला भाग भरून, सही करून तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे द्यायचा. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट तयार करून, तो फॉर्म सोबत जोडून बंद पाकिटात थेट संस्थेकडे पाठवायचा असतो किंवा जिथे सोय आहे तिथे ऑनलाइन. पदवी प्रमाणपत्राची स्पष्ट प्रत सहसा अर्जदाराने स्वतःच अपलोड करायची असते. पदवीदान समारंभाला गेलो नाही म्हणून प्रमाणपत्र विद्यापीठातच पडून आहे, अशी माणसे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी हे काम सर्वांत आधी उरकावे.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटच्या झेरॉक्सचा गठ्ठा नव्हे. प्रत्येक सत्रातले विषय, गुण किंवा श्रेणी, गुणदानाची पद्धत आणि अभ्यासक्रमाचा कालावधी हे सारे एकत्र दाखवणारा तो विद्यापीठाचा दस्तऐवज असतो. कॉलेज संलग्न असेल तर प्राचार्यांची सही पुरत नाही. परीक्षा नियंत्रक किंवा कुलसचिव यांच्या कार्यालयाची सही आणि शिक्का लागतो. मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला त्यासाठी कॉलेजपाशी न थांबता कलिना संकुलातल्या परीक्षा भवनापर्यंत जावे लागते ते यामुळेच. पाकिटाच्या बाबतीत फार बारकाईने पाहतात. मागची झडप चिकटवलेली हवी आणि शिक्का व सही अशी हवी की निम्मी झडपेवर आणि निम्मी पाकिटावर येईल. ती रेघ तुटलेली दिसली की पाकीट उघडले गेले असे धरले जाते आणि आतले कागद कितीही खरे असले तरी बाद होतात. संदर्भ क्रमांक पाकिटाच्या बाहेर ठळक लिहावा, नाहीतर पाकीट पोहोचूनही ते कोणाचे हे शोधण्यात आठवडे जातात. काही ठिकाणी बंद पाकीट अर्जदाराच्याच हाती देतात. तसे असेल तर ते चालेल का, हे संस्थेला आधी लेखी विचारून घ्यावे आणि ‘आत सगळे बरोबर आहे ना’ हे पाहण्याचा मोह आवरावा. पाहायचेच असेल तर दोन संच मागावेत, एक पाठवायला आणि एक स्वतःसाठी.

नावाचा प्रश्न खास महाराष्ट्राचा म्हणता येईल. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेक विद्यापीठांत शेवटी आईचेही. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर तर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. मार्कशीटवर ‘पाटील स्नेहा रमेश’ आणि पासपोर्टवर ‘स्नेहा अमित देशमुख’ असेल, तर टोरांटोतल्या मूल्यांकनकाराच्या लेखी या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. खाते पासपोर्टवरील नावाने उघडावे, पूर्वीचे नाव विचारतात तिथे मार्कशीटवरील नाव जसेच्या तसे लिहावे आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी. ती फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतरही जोडावे. स्पेलिंगमधला फरकही दुर्लक्षून चालत नाही. दीक्षितचे कुठे एक आय आणि कुठे दोन ई, वाघच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक ए आणि कुठे दोन, असले फरक मार्कशीट, पदवी आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून आधीच तपासावेत. विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्यायची तर ती ट्रान्सक्रिप्ट निघण्याआधी.

विद्यापीठांची नावे बदलली, त्याचाही गोंधळ होतो. 2014 पूर्वीच्या पदवीवर पुणे विद्यापीठ असते, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ नसते. जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखले जाऊ लागले, त्यानंतर सोलापूरचे अहिल्यादेवी होळकरांच्या. ऑनलाइन फॉर्मच्या यादीत सध्याचे नाव निवडावे, पदवीवरील जुने नाव टिपणीत लिहावे. वैद्यकीय शाखांना आणखी एक फाटा आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झाले. त्याआधीच्या डॉक्टरांची पदवी मुंबई, पुणे, नागपूर अशा पारंपरिक विद्यापीठांची असते आणि ट्रान्सक्रिप्टही तिथूनच मिळवावा लागतो.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीला गेलेल्यांचा ट्रान्सक्रिप्ट तिसऱ्या सत्रापासून सुरू होतो. चार वर्षांच्या पदवीत पहिले वर्ष गायब का, हा प्रश्न परदेशी मूल्यांकनकाराला पडणारच. अशांनी तंत्रशिक्षण मंडळाकडून पदविकेचे कागदही मागवावेत आणि थेट प्रवेशाचा उल्लेख ट्रान्सक्रिप्टवर करून घ्यावा. स्वायत्त महाविद्यालयांत मार्कशीट कॉलेजची आणि पदवी विद्यापीठाची असते, तेव्हा ट्रान्सक्रिप्ट कोणाचा चालेल हे शुल्क भरण्यापूर्वीच विचारावे. दूरशिक्षणाने किंवा खासगी संस्थेतून केलेल्या पदविकांचे मूल्य त्या काळात त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची वा एआयसीटीईची मान्यता होती का यावर ठरते. जाहिरातीत ‘एमबीएच्या समकक्ष’ म्हटले होते, याला तिथे काही किंमत नाही.

अहवाल हाती आला की एक्स्प्रेस एंट्रीच्या ऑनलाइन प्रोफाइलमध्ये तीच पातळी भरायची जी अहवालात लिहिली आहे. इथे माणसे भावनेच्या आहारी जातात. पदवीवर ‘मास्टर’ छापले आहे, पण अहवालात ‘बॅचलर’ आले, तर प्रोफाइलमध्ये बॅचलरच भरावे. मास्टर्स भरून अर्ज करण्याचे निमंत्रण मिळवले तर तपासणीत गुण कमी होतात आणि अर्ज नाकारला जाऊ शकतो. हेतुपुरस्सर खोटी माहिती ठरली तर कायद्याच्या कलम 40 खाली पाच वर्षांची बंदी येते. अहवालात खरोखर चूक वाटली तर पुराव्यासह फेरतपासणी मागता येते. अपूर्ण राहिलेला अभ्यासक्रम, दोन वर्षे केलेला असला तरी, पूर्ण शिक्षणक्रम म्हणून दाखवता येत नाही.

वेळेचे भान हवे. अहवाल प्रोफाइलच्या दिवशी आणि पुढे प्रत्यक्ष अर्ज पोहोचेल त्या दिवशीही पाच वर्षांच्या आतला असावा लागतो. प्रोफाइल बारा महिने जिवंत राहते आणि निमंत्रणानंतर अर्जाला 60 दिवस मिळतात. विद्यापीठाचा कागद निघायलाच त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणून इंग्रजी परीक्षेची तारीख घेण्याआधी ट्रान्सक्रिप्टचा अर्ज गेलेला असावा. इंग्रजीचा निकाल दोनच वर्षे चालतो. तो हातात घेऊन पाकिटाची वाट पाहणे म्हणजे त्याची मुदत फुकट घालवणे.

ईसीए म्हणजे व्यवसायाचा परवाना नव्हे, हे तर कोणी सांगतच नाही. बीई बरोबरीची ठरली म्हणून ऑन्टारियोत नावापुढे इंजिनिअर लावता येत नाही. त्यासाठी प्रांताच्या अभियंता संघटनेची वेगळी प्रक्रिया आहे. ऑन्टारियोच्या संघटनेने 2023 मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढली, पण परीक्षा आणि अनुभवाचे पुरावे द्यावेच लागतात. परिचारिका, शिक्षक यांचेही परवाने प्रांतागणिक वेगळे. क्वेबेक तर कुशल कामगार आपल्या स्वतंत्र पद्धतीने निवडतो, तिथे एक्स्प्रेस एंट्री नाहीच.

आता आपल्या विद्यापीठांकडे एक मागणी. लोकसेवा हक्क कायदा महाराष्ट्रात 2015 पासून आहे. ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळेल, शुल्क किती आणि उशीर झाला तर अपील कोणाकडे, हे प्रत्येक विद्यापीठाने संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि इंग्रजीत लावावे. पाकीट रवाना झाले की कुरिअरचा क्रमांक अर्जदाराच्या मोबाइलवर जावा. मूल्यांकन संस्था पडताळणीसाठी ईमेल करतात, त्याला उत्तर देणारा एक अधिकृत पत्ता आणि एक जबाबदार कर्मचारी नेमावा. अर्जदार तिकडे ‘कागदपत्रे प्रलंबित’ हा शेरा पाहत बसलेला असतो आणि ईमेल इकडे कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये न वाचता पडलेली असते. ऑनलाइन ट्रान्सक्रिप्ट पाठवण्याची सोय ज्या विद्यापीठांनी केली आहे, त्यांनी ती जुन्या, संगणकपूर्व काळातल्या निकालपत्रांनाही लागू करावी. नोकरीचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन अर्ज करणाऱ्यांचे निकाल अनेकदा अजून रजिस्टरांतच आहेत.

आपला,
एक वाचक, ठाणे