ते गाणे मेलेच नव्हते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाण्यांच्या नव्या अवतारांवर लेख आला आहे. त्यात ‘फास्ट कार’ या इंग्रजी गाण्याविषयी लिहिताना ‘35 वर्षे विस्मृतीत गेलेल्या गाण्याला ल्यूक कोम्ब्सने जीवदान दिले’ असे म्हटले आहे. कोम्ब्स हा अमेरिकेतला ‘कंट्री’, म्हणजे तिकडच्या ग्रामीण ढंगाची गाणी गाणारा गायक. ते गाणे जिने लिहिले, जिने त्याला चाल लावली आणि जिने ते पहिल्यांदा गायले, तिचे नाव मात्र अख्ख्या लेखात नाही. तिचे नाव ट्रेसी चॅपमन. लेख दोनदा वाचला, नाव सापडले नाही, म्हणून लिहायला बसले.

मी लालबागची. वडील गिरणीत होते. 1982 च्या संपात काम गेले ते गेलेच. थोरल्या भावाने कॉलेज सोडले आणि फोर्टात एका कचेरीत शिपाई म्हणून लागला. 1989 च्या दिवाळीत बोनस मिळाला तेव्हा काळा घोड्याच्या ‘रिदम हाऊस’मधून त्याने स्वतःसाठी एकच वस्तू आणली, चॅपमनची कॅसेट. त्याचे इंग्रजी जेमतेम होते. पण ‘फास्ट कार’मध्ये बाप दारूत बुडाला, आई घर सोडून गेली आणि बापाला सांभाळायला मुलीने शाळा सोडली, एवढे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आमच्या वडिलांनी कधी थेंब घेतला नाही. तरी शाळा-कॉलेज सोडायची गोष्ट आली की दादा टेप मागे फिरवून तेवढाच भाग पुन्हा लावायचा.

चॅपमन 1964 साली क्लीव्हलंडमध्ये जन्मली, कारखान्यांच्या गावात. आईने एकटीने वाढवले. शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेली, पुढे टफ्ट्स विद्यापीठात शिकली. ‘फास्ट कार’ ही माझी स्वतःची कहाणी नाही, लहानपणी आजूबाजूला जे जग पाहिले त्याची आहे, असे तिने मुलाखतीत सांगितले आहे. पहिला अल्बम 1988 मध्ये आला तेव्हा पॉपमध्ये सगळीकडे सिंथेसायझर आणि यंत्राचे ड्रम वाजत होते. निर्माते डेव्हिड केर्शेनबॉम यांनी तिचा आवाज आणि गिटार पुढे ठेवली, बाकी सगळे मागे. आमचा एक माजी विद्यार्थी गिटार वाजवतो, त्याने मला दाखवले: दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा आणि बोटे चार जागी फिरत राहतात, बस. तीच छोटी सुरावट फिरून फिरून येते. ड्रम भरून येतात ते ध्रुवपदाला. चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालणारा माणूस एकदम रस्त्यावर यावा, तसे तिथे वाटते.

11 जून 1988 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचा कार्यक्रम होता. मंडेला तेव्हा तुरुंगातच होते. चॅपमन दुपारी गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी स्टीव्ही वंडर मंचावर जायच्या बेतात असताना त्याच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हार्ड डिस्क सापडेना आणि तो निघून गेला. मोकळा वेळ भरायला या 24 वर्षांच्या मुलीला पुन्हा बोलावले. एक माइक, एक गिटार, समोर भरलेले स्टेडियम. तिने हे गाणे गायले. पुढच्या काही आठवड्यांत ते ब्रिटनमध्ये पाचव्या आणि अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले आणि 1989 च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या संगीत पुरस्कारांत, तिला तीन पुरस्कार मिळाले. याला विस्मृती म्हणायचे का?

आता माझा अनुभव सांगते. 1996 पासून मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवते आणि दहावीला दरवर्षी हे गाणे शिकवते. साडेसहाला वर्ग भरतो. मुली कामावरून थेट येतात. यंदा एक मुलगी आहे, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये बिलिंगला बसते. बसते म्हणायचे, दिवसभर उभीच असते. वर्गात आली की बाकाखाली बूट काढते, टाचेला चिकटपट्टी. गाण्यातली मुलगीही दुकानात बिलिंगलाच लागते, हे ऐकून ती एकदम ताठ बसली.

सुरुवातीला गाण्यातली मुलगी मित्राला म्हणते की ठरवायला हवे, आज रात्री निघायचे की असेच जगून असेच मरायचे. मी फळ्यावर ‘वी’ लिहून खाली ‘आम्ही’ लिहिले. ती म्हणाली, “आम्ही नाही मॅडम, आपण. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो.” मी खोडून ‘आपण’ लिहिले. गाणे पुढे सरकते, मुलीला नोकरी लागते, मुले होतात, आणि तो मित्र बापासारखाच दारूत बसतो. शेवटी तेच वाक्य परत येते, पण ‘वी’च्या जागी ‘यू’. मी ‘तू’ लिहिले. वर्ग गप्प. मग तीच हळूच म्हणाली, “आता काढलं त्याला बाहेर.” सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मला ते कधी इतके सरळ सांगता आले नव्हते.

ल्यूक कोम्ब्सविषयी माझी तक्रार नाही, उलट त्याच्याबद्दल आदरच आहे. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये त्याने हे गाणे ऐकले, असे तो सांगतो. म्हणजे ते तिकडेही कुणाच्या ना कुणाच्या घरात वाजतच होते. 2023 मध्ये त्याने ते गायले तेव्हा बिलिंगवरची ‘मुलगी’ मुलगीच ठेवली, स्वतः पुरुष असून शब्द बदलला नाही. त्याचे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार चॅपमनला मिळाला. कृष्णवर्णीय गीतकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. 4 फेब्रुवारी 2024 ला ग्रॅमीच्या मंचावर दोघे एकत्र गायले. तिने गिटारवर पहिली सुरावट छेडली आणि सभागृह उठून उभे राहिले. तो पूर्ण वेळ तिच्याकडे पाहत होता, तोंडाने तिचे शब्द पुटपुटत होता. त्यानंतर आयट्यून्सच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या गाण्यांच्या दुकानाच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेले ते तिचे 1988 चे मूळ गाणे. गाणाऱ्याला कळते की गाणे कुणाचे; लिहिणाऱ्यांनीही ते नोंदवायला हवे.

तुमची पुरवणी मी वर्गात नेते. त्या लेखाचे कात्रण फलकावर लावले आहे आणि बिलिंगवाल्या मुलीने पेन्सिलीने समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. येत्या रविवारी दुरुस्तीच्या चौकटीत गीतकाराचे नाव छापावे, ही विनंती. ते कात्रण मला त्याच्या शेजारी लावायचे आहे.

आपली,
एक रात्रशाळा शिक्षिका, लालबाग, मुंबई