जजबाई टाळ्या वाजवतात

ओहायो, १४ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

मुद्दाम पत्र लिहितेय. फोनवर मामाचा विषय निघाला की आई रडते आणि बोलायचं ते राहून जातं.

ट्रेनिंगचा भाग म्हणून दर मंगळवारी इथल्या ड्रग कोर्टात जाऊन बसते. नशेपायी गुन्ह्यात सापडलेल्यांना तुरुंगाऐवजी सक्तीचे उपचार, असा हा प्रकार. पहिलं असं कोर्ट १९८९ मध्ये मायामीत निघालं. वर्ष-दीड वर्ष काढावं लागतं. सुरुवातीला दर पंधरवड्याला जजपुढे उभं राहायचं. शिवाय लघवीची तपासणी, तीही कधी ते आधी कळत नाही. प्रत्येकाला एक रंग नेमून दिलेला असतो; रोज फोन लावून आज तपासणीसाठी आपला रंग पुकारलाय का, ते ऐकायचं.

मला वाटलं, जजबाई झाडणार. पण पहिल्याच दिवशी एकाचे तीस दिवस नशेशिवाय गेले म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळ्या कोर्टाने. मग त्याने काचेच्या भांड्यातून चिठ्ठी काढली. निघालं काय, तर पाच डॉलरचं कूपन! पन्नाशीचा तो गडी तुमच्या शाळेच्या बक्षीस समारंभातल्या पोरासारखा लाजला.

शिक्षाही आहेत, पण लहान आणि लगेच. तारीख चुकवली तर निबंध लिहा, नाहीतर ज्यूरीच्या बाकावर बसून दिवसभर इतरांच्या सुनावण्या ऐका. फारच झालं तर दोन-तीन दिवस कोठडी. पाय घसरला आणि स्वतःहून सांगितलं, तर सहसा उपचार वाढवतात. व्यसन एका दिवसात सुटत नाही, हे ते धरूनच चालतात. वेळेवर येणं आणि खरं बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून जमलंच पाहिजे. नमुन्यात पाणी मिसळणाऱ्या एका बाईला कोठडीत नेताना पाहिलं. तिचं लहान पोर मागच्या बाकावर होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि कार्यक्रमातून काढलं, तर मूळ खटल्याची शिक्षा डोक्यावर आहेच. टाळ्यांना तो धाकही आहे, बाबा.

मामाला आजीने आळंदीला नेऊन माळ घातली होती, आठवतं? अठरा दिवस त्याने थेंब घेतला नव्हता. त्या अठरा दिवसांत त्याला कोणी "बरं केलंस" म्हटलं? मीही नाही. एकोणिसाव्या दिवशी मात्र सगळी आळी जमली.

रविवारी तो येईल तेव्हा आईला थालीपीठं करायला सांगा. कशाबद्दल, असं त्याने विचारलं तर म्हणा, आज बारावा दिवस. मी इथे मोजतेय.

तुमची,
धाकटी