घरट्यांच्या नोंदी आणि फुगलेले टक्के

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रानपक्ष्यांच्या घरट्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या हौशी अभ्यासकांसाठी हे पत्र लिहीत आहे. ‘इतक्या घरट्यांपैकी इतकी यशस्वी’ असा सरळ टक्का काढला, तर तो बहुधा खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण अंडी घातल्यावर दोन-चार दिवसांतच साप किंवा कावळ्यांनी लुटलेली घरटी आपल्या दृष्टीसच पडत नाहीत. सापडतात ती मुख्यतः तोवर तगलेली. हॅरॉल्ड मेफील्ड या अमेरिकी हौशी पक्षी-अभ्यासकाने १९६१ मध्ये यावर उपाय मांडला, तो असा की घरटी प्रत्यक्ष किती दिवस निरीक्षणाखाली होती ते मोजावे. समजा, २० घरट्यांचे मिळून २०० दिवस भरले आणि १० घरटी उद्ध्वस्त झाली. सरळ हिशेबाने यश ५० टक्के दिसते. पण २०० दिवसांत १० घरटी गेली, म्हणजे रोजचे नुकसान ५ टक्के धरून अंड्यांपासून पिल्ले उडेपर्यंतचे २५ दिवस मोजले, तर जेमतेम २८ टक्के घरटी तरतात.

यासाठी प्रत्येक भेटीची तारीख आणि अंडी-पिल्लांची संख्या लिहिलेली असावी लागते, फसलेल्या घरट्यांचीसुद्धा. माझ्या सुरुवातीच्या वह्यांत नेमकी तीच पाने कोरी आहेत, त्यामुळे त्या हंगामांचे आकडे मी कुठेही वापरत नाही. घरटे रिकामे दिसले आणि पिल्ले उडाली की मारली गेली हे कळले नाही, तर ‘अनिश्चित’ असेच लिहावे.

नोंदीच्या हव्यासाने घरट्याला धोका होता कामा नये. तीन-चार दिवसांआड एक धावती भेट पुरते. पावसात किंवा जवळ कावळा टेहळत असताना जाऊ नये, आणि आल्या वाटेने परतण्याऐवजी घरट्यावरून पुढे निघून जावे, म्हणजे आपली पायवाट घरट्यापाशी संपत नाही. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्ले टाकतात, ही समजूत खरी नाही. मात्र घरटे बांधताना व अंडी घालताना त्रास झाल्यास अनेक पक्षी ते सोडून देतात, आणि उडण्याच्या बेतात असलेली पिल्ले घाबरून अकाली बाहेर उडी घेतात. त्या दिवसांत दुर्बिणीतून दुरूनच पाहावे.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. घरट्याचे छायाचित्र छापताना नेमके ठिकाण देऊ नये, आणि अगदी जवळून टिपलेली छायाचित्रे शक्यतो स्वीकारू नयेत.

आपला नम्र,
एक पक्षी-निरीक्षक