बार्टन्सव्हिलच्या सुतारकाकांना

काका, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे उघड पत्र.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या तुमच्या गावच्या पुलापाशी ऑक्टोबरात भेटलेलं मराठी कुटुंब आठवतंय? आम्ही सगळे लाल मेपलचे फोटो काढण्यात गुंग होतो. आईला मात्र पुलावर घरासारखं छप्पर कशाला, हे कळल्याशिवाय पुढे हलायचं नव्हतं. तुम्ही कुत्र्याला फिरवत निघाला होतात, ते तिच्यासाठी थांबलात.

छप्पर माणसांसाठी नाही, आतल्या लाकडासाठी, हे तुम्ही सांगितलंत. उघड्यावरच्या तुळया पाऊस-बर्फाने काही वर्षांत कुजतात, झाकल्या तर शतकभरही टिकतात. त्यात गंमत अशी की हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून लोक बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत आणून पसरायचे! आई अजून हे सांगून हसते.

मग तुम्ही आत नेऊन ती तिरपी जाळी दाखवलीत, बांबूच्या तट्ट्यासारखी. इथिएल टाउन या अमेरिकन वास्तुविशारदाने 1820 मध्ये तिचं पेटंट घेतलं. साध्या फळ्या एकमेकींवर तिरक्या ठेवायच्या आणि लाकडी खुंट्या ठोकायच्या. अवजड तुळयांवाचून गावचे सुतारही पूल उभारू शकत. आईचे वडील कोकणात सुतारकाम करायचे. ती एकेका खुंटीवरून हात फिरवत राहिली. तुम्ही घाई केली नाहीत, त्याचे खास आभार. तिच्या प्रश्नांना आम्ही घरचे इतका वेळ देत नाही.

हा पूल मुळात 1870 चा, पण 28 ऑगस्ट 2011 ला आयरीन वादळाच्या पुरात विल्यम्स नदीने तो उचलून नेला. 2013 मध्ये त्याच पद्धतीचा लाकडी पूल पुन्हा उभा राहिला. हे सांगताना तुमचा आवाज जरा जड झाला होता. नवा म्हणून त्याला कमी लेखणाऱ्यांशी माझं आता पटणार नाही.

फोनला रेंज नव्हती, तेव्हा कागदी पिशवीवर काढून दिलेल्या नकाशाने आम्ही विंडसरला नीट पोचलो. कनेक्टिकट नदीवरचा तो 1866 चा पूल जवळजवळ 450 फूट लांब! घोडे न पळवता चालवत न्या, नाहीतर 2 डॉलर दंड, अशी पाटी अजून आहे. आईने ती वाचून मला गाडी हळू घ्यायला लावली. दंड तिच्याकडून वसूल होईल अशी भीती होती म्हणे.

तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. कुत्र्यालाही.