‘कोबाल्ट ब्लू’ : घराला न दिसलेले दुःख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी कादंबरीतील कुटुंबचित्रणावर आपल्या रविवार पुरवणीत जो पत्रव्यवहार चालू आहे, त्यात एका वाचकांनी सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी समलिंगी संबंधांविषयीचा कायदा बदलल्यानंतरच्या लाटेतली आणि कुटुंबव्यवस्थेच्या मुळावर येणारी ठरवली आहे. यातला पहिला आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. मौज प्रकाशनाने ही कादंबरी २००६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम पूर्णपणे लागू होते आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यायला तीन वर्षे अवकाश होता. त्यामुळे लाट आली असलीच, तर हे पुस्तक तिच्या आधीचे आहे. दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याचे उत्तर कादंबरीतूनच द्यायला हवे.

पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय जोशी कुटुंबात आजी-आजोबांच्या मागे वरची खोली रिकामी होते आणि तिथे एक तरुण चित्रकार पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो. घरातला धाकटा मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि तनयची बहीण अनुजाही त्याच्याच प्रेमात पडते. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परतते. एवढेच कथानक आहे. कादंबरीचा पहिला भाग म्हणजे निघून गेलेल्या त्या माणसाला ‘तू’ म्हणत तनयने केलेले, काळाचा क्रम न पाळणारे स्वगत आहे. दुसरा भाग ही अनुजाची दैनंदिनी आहे. ज्याच्याभोवती हे सारे फिरते त्या पाहुण्याला लेखकाने नावही दिलेले नाही.

एकच माणूस दोन भावंडांना सोडून जातो, ही रचना निव्वळ योगायोग म्हणून वाचली तर कादंबरी हातातून निसटते. दुःखाचे कारण एक, घर एक, जेवणाचे टेबलही एक. तरीही अनुजाचे दुःख सगळ्या घराचे होते आणि तनयचे कोणाचेच होत नाही. तिच्यामुळे घराण्याची अब्रू गेली म्हणून का होईना, घरात तिच्याविषयी बोलले जाते, तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले जाते, तिच्या पुढच्या आयुष्याची चिंता केली जाते. ही काळजी जाचक आहे, अनुजाला ती नकोशी होते, हे सगळे खरे. पण काळजी जाचक असण्यासाठीसुद्धा आधी कोणाला तरी काहीतरी झाले आहे हे घराला मान्य असावे लागते. तनयला मात्र बहिणीच्या आजारपणात समजूतदार भाऊ म्हणून वावरावे लागते. आपला जिवलग गेला आहे हे तो कोणाला सांगू शकत नाही, कारण असा कोणी जिवलग होता याचीच घरात नोंद नाही.

ही नोंद का झाली नाही, याचे उत्तर मला या कादंबरीतली सर्वांत मार्मिक गोष्ट वाटते. तनय वरच्या खोलीत हवा तेव्हा जाऊ शकतो, तासन्तास थांबू शकतो आणि त्यात कोणालाही काही वावगे दिसत नाही, कारण दोघेही मुलगे आहेत. मुलीच्या बाबतीत याच घराने दार किती वाजता उघडले आणि किती वाजता लागले याचा हिशेब ठेवला असता. म्हणजे तनयला प्रेम करायला जी मोकळीक मिळते, ती घराच्या उदारपणातून आलेली नसून घराच्या न पाहण्यातून आलेली आहे, आणि प्रेम तुटल्यावर त्याला जो एकटेपणा भोगावा लागतो तोही त्याच न पाहण्यातून येतो. घरातल्या कोणी त्याला छळले नाही, हाकलले नाही, मारले नाही. ते त्याच्यावर प्रेमच करतात. कुटुंबातले गुपित ही एकाने लपवलेली आणि बाकीच्यांना ठाऊक नसलेली गोष्ट असते असे आपण धरून चालतो. इथे लपवणारा एकटा तनय आहे हे खरे, पण विचारायचे नाही हा रिवाज सगळ्या घराने मिळून पाळला आहे.

यात कुटुंबव्यवस्थेचा द्वेष कुठे आहे, हे मला खरोखर समजलेले नाही. उलट, त्या पाहुण्याची ओढ दोन्ही भावंडांना लागते ती त्याच्यामागे घर नाही म्हणून, आणि याच बिनघराच्या स्वातंत्र्यापायी तो दोघांनाही मागे टाकून जातो, हे लेखकाने लपवलेले नाही. कादंबरी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. अनुजाचा भाग काही ठिकाणी घाईने उरकल्यासारखा वाटतो. पण वेण्या आणि शिवणकाम यांत न रमणारी, डोंगर भटकणारी ही मुलगी केवळ भावाच्या कथेला पूरक म्हणून आलेली नाही, आणि ‘समलिंगी प्रेमाची कादंबरी’ एवढेच बिरूद लावले की तिच्यावर अन्याय होतो, हे या पुस्तकाच्या चाहत्यांनाही सांगायला हवे.

मराठीत हा विषय आयात झालेला आहे, असा सूर त्या पत्रात होता. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या तरुणीची ती कहाणी आपल्याला बापू हा तिचा मित्र सांगतो. तिचे दुःख आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि शेवट तिच्या आत्महत्येत होतो. पंचवीस वर्षांनंतर आलेल्या कुंडलकरांच्या कादंबरीत मध्ये कोणी सांगणारा उरलेला नाही. तनय स्वतः बोलतो, स्वतःच्या देहाविषयी न लाजता बोलतो आणि जगतो. तेंडुलकरांचे धाडस कमी होते असे यातून कोणी काढू नये. सांगणारा बदलला की काय बदलते, एवढेच मला दाखवायचे आहे.

जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला आणि त्याच वर्षी ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध अखेर गुन्ह्याच्या कक्षेबाहेर आले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने नकार दिला. या सर्व काळात कादंबरीतले जोशींचे घर जुने झाले असते तर मला आनंदच वाटला असता. परंतु २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटातही वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी आलेल्या आनंदला नातेवाईक लग्नाचेच विचारत राहतात. तिथे दुखवट्याचे नियम सगळ्यांना पाठ आहेत, आणि प्रेम मात्र रानात, लोकांच्या नजरेआड आहे.

एक गोष्ट आणखी. कुंडलकरांनी स्वतः केलेला हिंदी-इंग्रजी चित्रपट २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला आणि आता बहुतेकांना ‘कोबाल्ट ब्लू’ म्हणजे तोच वाटतो. त्यात कथा कोचीत गेली आहे. पाणी, प्रकाश, निळा रंग हे सगळे देखणे आहे, पण पुण्याच्या त्या घरातला जो दाटपणा आहे, एकाच्या खोलीतले बोलणे दुसऱ्याला ऐकू यावे आणि तरीही कोणाला काही कळू नये, तो त्या मोकळ्या निसर्गात विरून जातो असे माझे मत आहे. चित्रपटावरून कादंबरीविषयी मत बनवण्याची चूक म्हणूनच अधिक महागात पडते.

मी सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर अनेक वर्षे काम केले. पुस्तक परत करताना वाचक दोन शब्द बोलतात, लेखकाला नावे ठेवतात, शेवट पटला नाही म्हणून तक्रार करतात. ही कादंबरी नियमित बाहेर जात असे आणि परतही येत असे, पण तिच्याविषयी टेबलावर कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. सदर पत्रलेखकांनी निदान त्यांना न आवडलेले उघडपणे लिहिले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. आपल्या पुरवणीने या निमित्ताने मूळ मराठी कादंबरीवर, चित्रपट बाजूला ठेवून, दोन-तीन समीक्षकांकडून नव्याने लिहून घ्यावे आणि त्यातला एक तरी लेख अनुजाच्या दैनंदिनीवर असावा, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे